बरणीतला बर्फ

यान लायशेंग कोठारात गेला तो झाडू शोधायला, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीत त्याला बर्फ दिसला. म्हातारा हरखला. यंदा इतक्या लवकर! अंगणातल्या चाळीस रांजणांवर अजून साधा पापुद्राही धरला नव्हता.

बर्फाची वाट तो दर वर्षी लहान मुलासारखी पाहायचा. उत्तर चीनमधल्या शान्शीच्या कडाक्याच्या थंडीत सिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, पाणी गोठून वर येतं. ते काढायचं, फेकून द्यायचं. आंबटपणा गोठत नाही, तो खाली राहतो. असे पाच हिवाळे गेले की काळाभोर, दाट सिरका उरतो. लायशेंगने पन्नास वर्षं हेच केलं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याला वास येईनासा झाला, जिभेची चवही गेली. तेव्हापासून चाखायचं आणि विकायचं काम मुलाकडे होतं. बर्फ काढायला मात्र अजून तोच जायचा.

बरणी उचलताना शेजारच्या बादलीला धक्का लागला. बादलीतलं पाणी हललं.

पाणी तर पाणीच होतं. मग हे कसं गोठलं?

त्याने बरणी उलटी केली. आतलं तसूभरही हललं नाही. झाकण काढून त्याने बोट टेकवलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं. बोटाचं टोक पांढरं पडलं. असा बर्फ त्याने तरुणपणी सिरक्याच्या कारखान्यात एकदाच पाहिला होता. हे सिरक्यातलं निव्वळ अॅसिड. पाण्याच्या कितीतरी आधी गोठतं. पाण्यात थोडं ओतलं, करपवलेल्या साखरेचा रंग दिला, की दुपारपर्यंत सिरका तयार. ते करणाऱ्याला तेव्हा फाटकाबाहेर काढलं होतं. त्याच्या पाठीवर सगळ्यांत आधी थुंकला होता लायशेंगच.

"ज्याओमिंग!"

मुलगा आला आणि बरणी पाहून दारातच थबकला.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाली दोन वर्षं, आबा."

"माझं नाक गेलं तेव्हापासून म्हण की."

ज्याओमिंग भिंतीकडे पाहू लागला. "पाच वर्षं कोण थांबतं हल्ली? एका रांजणाचे चार होतात. गिऱ्हाइकाला आंबट हवं, आंबट मिळतं. आजवर कुणी तोंड वाकडं केलं नाही."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"यानदादा, आहात का घरात? नातीचं लग्न काढलंय! पाच वर्षांचाच द्या हं, दुसरा चालायचा नाही!"

फान बाई होत्या. सून म्हणून गावात आल्या तेव्हापासून त्या याच घरातून सिरका नेत होत्या. लायशेंगला ओ द्यायचा धीर होईना.

"आणि माझ्या शेवयांवर रोज घालतोस, तो कुठला?" त्याने हळूच विचारलं.

"नाही हो, आबा!" मुलाचा आवाज चिरकला. "तुमची बाटली मी वेगळी ठेवलीय. आईच्या हातच्या रांजणातली. गळ्याशपथ, तुमच्या वाडग्यात कधी एक थेंब मिसळला नाही."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही.

"मग ती फान बाईंना दे," तो म्हणाला. "मला पाणी वाढलंस तरी कळायचं नाही."