राहिलेला खांदा

वडील गेल्याचा फोन आला तेव्हा हर्षद मालिकेच्या सेटवर होता. दुसऱ्या दिवशीचा भाग अडला असता, म्हणून तो हातातला सीन संपवूनच निघाला आणि रोह्याजवळच्या वरसे गावात पोचला तोवर चिता विझली होती. आई त्यावर कधी एक शब्दही बोलली नाही. सहा वर्षांनी तो दिग्दर्शक झाला आणि पहिल्या सिनेमाचं शूटिंग घेऊन गावी आला. आज बापाच्या अंत्ययात्रेचा सीन होता; तिरडीवर पांढऱ्या कापडाखाली भाताचा पेंढा भरला होता. बांधावर बसून बघणारी आई उठली आणि मुलाचं काम करणाऱ्या पेणच्या नटाला तिने बाजूला केलं. “तू दे खांदा. तवा राहिला व्हता,” ती हर्षदला म्हणाली. तिरडी उचलताच त्याला हुंदका फुटला. “वजनच नाय गो, आये.” “तुझा बापूस पण शेवटी इतकाच उरला व्हता रे.”