उभं जनावर

ज्याने मुक्या जिवाच्या गळ्यात दावे अडकवले, त्याने त्याच्या चाऱ्यापाण्याबरोबरच त्याच्यावर तळपणाऱ्या आभाळाचेही दायित्व पत्करले. आणि आभाळ तर कोणाच्याच दावणीला बांधलेले नसते. म्हाताऱ्याने हे दायित्व जन्मभर निष्ठेने वाहिले होते. त्या दुपारीही त्याच्या निष्ठेत तसूभर उणे नव्हते.

गोठ्यात ऊन साचले होते. वीज आदल्या दिवशीच गेली होती. पंख्यांची पाती जागच्या जागी थिजली होती. साऱ्या गाई उभ्या होत्या. जिभा बाहेर, तोंडाला लाळेच्या तारा, पुढ्यातला चारा तसाच.

"बाबा, एकही रवंथ करत नाही," सून म्हणाली. "पोटं बघा, भात्यासारखी चालली आहेत. डॉक्टरीणबाईंना फोन करू?"

"उभ्या आहेत ना?"

"सकाळपासून."

"मग झालं तर! बसलं जनावर दुखण्याचं, उभं जनावर दावणीचं. माझे वडील सांगायचे. जनावराला बरं नसलं की ते आधी जमिनीला अंग टाकतं. उगाच दोरीला साप म्हणू नकोस."

"मला दोरी साप दिसते आणि तुम्हाला साप दोरी," ती पुटपुटली. सकाळी तिने हेच विचारले होते आणि हेच ऐकून घेतले होते. या वेळी तिने अंगणात जाऊन फोन लावला.

डॉक्टरीणबाई आल्या त्या थेट थोरलीपाशी गेल्या. थोरली सर्वांत जुनी गाय. सातव्या महिन्यात होती. त्यांनी तिचा ताप पाहिला, बरगड्यांवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"काका, या केव्हापासून उभ्या आहेत?"

"दिवस उगवल्यापासून," म्हातारा म्हणाला. स्वरात थोडा अभिमानच होता. "एकीनंही गुडघा टेकलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी बरगड्यांवरचा हात काढून घेतला.

"काका, उकाडा असह्य झाला की गाय बसत नाही. बसली तर पोटाखाली वारा लागत नाही, अंगातली आग अंगातच राहते. म्हणून ती उभी राहते. जीव आहे तोवर."

"म्हणजे..."

"म्हणजे सकाळपासून त्या हेच सांगत होत्या."

म्हाताऱ्याने दावणीचा खांब धरला. वडिलांचे वचन खोटे नव्हते. पण अशी दुपार त्यांनी पाहिलीच नव्हती. मग तिच्यासाठी वचन तरी कुठून ठेवून जाणार?

"अंगावर पाणी मारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"टाकीतलं पाणी हाताला चटके देतंय," सून म्हणाली. "आणि विहिरीवरचा पंप विजेवर चालतो. संध्याकाळी वीज येईल म्हणाले. कोणत्या संध्याकाळी, ते काही बोलले नाहीत."

"मग बाहेर झाडाखाली तरी..."

"झाड होतं. गोठा वाढवला तेव्हा गेलं."

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उघडली. "थोरलीला सलाइन लावते. आशा लावत नाही."

"आणि पोटातलं?"

"दिवस भरले नाहीत, काका. आता काढलं तरी जगायचं नाही."

सुई टोचली जात असतानाच थोरलीचे पुढचे गुडघे दुमडले. मग मागचा भाग एका बाजूला कलला, आणि ती सावकाश, एखादी वयस्क बाई पाटावर टेकावी तशी, खाली बसली. म्हातारा तिच्यापाशी बसला. खांद्यावरचा पंचा काढून, त्याची घडी करून, तो तिच्या तोंडाला वारा घालू लागला.

"काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "त्यानं काही व्हायचं नाही."

"ठाऊक आहे मला."

हात थांबला नाही. सून बादली घेऊन दुसऱ्या गाईकडे गेली, मग तिसरीकडे. पाणी पाठीवर पडे आणि पडता पडता त्याची वाफ होई. बाकीच्या गाई उभ्याच होत्या, आणि आता त्यांच्याकडे वळून पाहण्याचे धैर्य म्हाताऱ्याला होत नव्हते.

दुसरा हात तिच्या पोटावर टेकवून त्याने थोरलीच्या कानाशी तोंड नेले.

"गार मुलखात जन्माला ये, बाई."

तेवढ्यात त्याच्या तळहाताखाली, तिच्या पोटात, काहीतरी हलले. म्हाताऱ्याने हात उचलला नाही.

"दोघंही या," तो म्हणाला.