निळा शर्ट

बडोद्यातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांचं अपघात-उपचारांचं प्रशिक्षण चालू होतं. टेबलावर रबरी पुतळा होता, त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा निळा शर्ट. जखमी माणसाचे कपडे काढत बसायचं नाही, सरळ कापायचे, हा तिथला पहिला धडा. त्यासाठी जुने कपडे लागत. आज सुभानपुऱ्याच्या निरुपमाकाकूंनी पिशवीभर शर्ट आणून दिले होते, धुऊन, इस्त्री करून. "ह्यांचे आहेत," एवढंच म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

डॉक्टर उन्मेषने कात्री उचलली. काकूंकडे पाहिलं, कात्री ठेवली आणि एकेक बटण सोडवायला लागला.

"कापो ने, भाई," शिकवणारे धवलसर वैतागले. "पेशंट थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"सर, काकूंसमोर कसा कापू?" उन्मेष हळूच म्हणाला. "काकांची आठवण आहे ती."

ते काकूंनी ऐकलं. त्या आत आल्या आणि कात्री उचलून त्याच्या हातात दिली.

"काप रे. गेल्या दिवाळीत वाघोडिया रोडला हे सळयांच्या टेम्पोवर आदळले. इथल्याच एका डॉक्टर मुलीने अंगावरचा नवाकोरा शर्ट असाच उभा कापला, म्हणून काखेतली जखम वेळेत दिसली."

"म्हणजे काका...?" उन्मेषने विचारलं.

"खाली स्कूटरपाशी उभे आहेत," काकू म्हणाल्या. "त्या शर्टावरून अजून कुरकुरतात. कुरकुरू देत."