मागचा आरसा

"डोळे उघडे ठेवून बसा," निघताना बायकोने बजावलं होतं. "ते काय वेगळं करतात ते नीट बघून या. गिऱ्हाईक उगाच पळत नाही."

सलूनवाला दुसऱ्याच्या सलूनमध्ये गिऱ्हाईक बनून डोळे फाडून बसला होता. चौकातलं हे नवं सलून म्हणजे रस्त्याच्या बाजूने नुसती काच. आतलं गिऱ्हाईक बाहेरच्याला दिसावं, आणि आपण दिसतोय याचं सुख आतल्याला मिळावं. डोकं चालवलंय लेकाने, असं तो मनाशी म्हणाला. पलीकडच्या खुर्च्यांत त्याचीच तीन जुनी गिऱ्हाइकं पाठमोरी बसली होती. त्याने ती मानेवरून ओळखली.

काळा एप्रन घातलेल्या पोरीने त्याच्या केसांतून बोटं फिरवली. "काका, आधी कुठे कापले होते?"

"घरीच. बायको कापते."

"तरीच. आणि करता काय?"

"कापडाचं दुकान आहे," तो म्हणाला आणि कात्रीने घट्टे पडलेला अंगठा मुठीत लपवला.

तिने त्याचं डोकं मागे टेकवलं, कोमट पाणी सोडलं. जन्मभर त्याने दुसऱ्यांची डोकी चोळली होती. त्याच्या डोक्याला इतक्या सावकाशीने कोणी हात लावल्याचं त्याला आठवेना. कानामागे बोटं कशी फिरवते ते लक्षात ठेवायचं, असं त्याने ठरवलं. मध्ये एकदा तिने त्याला उठवून दुसऱ्या खुर्चीत बसवलं, तेवढं अंधुक कळलं.

"काका, झालं."

आरशात धंदा बरा चाललेला कोणीतरी माणूस बसला होता.

स्वतःच्या दुकानात तो शिरला तेव्हा बायको झाडू घेऊन उभी होती. झाडायला केस नव्हते. विकून टाकलेल्या दुसऱ्या खुर्चीच्या जागी फरशीत नटबोल्टची भोकं तेवढी उरली होती. बाकावर रिटायर्ड पोस्टमास्तर वर्तमानपत्राची घडी घालत होते. बांधलेलं म्हणावं असं हे एकच गिऱ्हाईक शिल्लक होतं. हेही गेलं की शटर ओढायचं, हे नवरा-बायकोने एकमेकांना न सांगता ठरवलेलं.

बायकोने त्याला बाजूला घेतलं. "बोला. काय काय बघितलं?"

"छान आहे."

"छान आहे ते मलाही ठाऊक आहे. करतात काय?"

"झोप लागली गं."

"झोप." तिने झाडू भिंतीला टेकवला. "दिवसाचा गल्ला त्यांच्या हातावर ठेवून झोपायला गेलात? घरच्या गादीला काय काटे आले होते?"

तेवढ्यात पोस्टमास्तर उठले. त्यांनी सलूनवाल्याभोवती एक फेरी मारली, चष्मा वर केला, खाली केला.

"हे झकास जमलंय. कालपासून सून मागे लागलीय, तुम्हीही चौकातच जात जा म्हणून. निघालोच होतो. पण तू इथेच असं करून देणार असशील तर बसतो."

सलूनवाल्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत बायको म्हणाली, "बसा की मास्तर. तेच तर शिकून आलेत हे."

त्याने कापड झटकून बांधलं, कात्री उचलली आणि समोरच्या आरशात बघितलं. मास्तरांच्या डोक्याकडे नव्हे, स्वतःच्या. बघायचं, कापायचं, पुन्हा बघायचं. कानाच्या वर कुठे चढवलंय, भांगाशी कुठे सोडलंय. इतक्या बारकाईने आपले केस आजवर कोणी कापले नाहीत, असं मास्तर दोनदा म्हणाले.

मग मागची बाजू आली आणि कात्री हवेतच थांबली. स्वतःची मान त्याला आरशात कुठेच दिसेना. त्याने अंदाजाने कात्री टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. कपाळावरचा घाम चमकदार केसांखालून भुवईवर उतरला.

बायको बघत होती. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला मान दाखवायचा हातातला आरसा तिने खुंटीवरून काढला, पदराने पुसला, नवऱ्याच्या मागे स्टूलवर चढली आणि त्याच्या मानेमागे धरला.

"थोडा डावीकडे," तो पुटपुटला.

"काय डावीकडे?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही, मास्तर. मान खाली घाला. वर बघू नका."