अंत्ययात्रेचा देखावा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, एका जुन्या पेठेत, दीडशे वर्षांच्या हवेलीत, लायल वरच्या मजल्यावर तीन वर्षं आडवा पडून होता. मणका गेलेला. अंगणात आपण लावलेल्या पेकानच्या झाडाखाली एकदा पडून राहायचं, एवढा एकच हट्ट. लिफ्टच्या परवानगीसाठी त्याच्या बायकोने, आर्डिथने, पेठेच्या जतन समितीचे उंबरे झिजवले. पण जुन्या घराला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

"मग निदान चार पोरं तरी पाठवा, उचलून खाली आणू!" ती रडकुंडीला आली.

"आणि जिवंत माणूस जिन्यावरून पडला तर जबाबदार कोण, बाई?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा देखाव्याची तयारी करा. यंदा मान तुमच्या हवेलीचा आहे."

दर ऑक्टोबरात समिती पर्यटकांना जुन्या काळची अंत्ययात्रा करून दाखवी. वरच्या मजल्यावरून मेणाच्या पुतळ्याची शवपेटी निघे, सहा खांदेकरी ती वाहून अंगणात आणत आणि मागून घरची बाई विधवेच्या काळ्या वेषात चाले.

"आई गं! यंदा पुतळा शिशाचा केलाय की काय?" जिन्याच्या वळणावर एक खांदेकरी कण्हला.

"हळू रे बाबांनो, पाया पडते तुमच्या, धक्का लावू नका," मागून आर्डिथ कळवळली. तिचा अभिनय बघून पर्यटकांनी डोळे पुसले.

पेटी पेकानखाली टेकली. आर्डिथने झाकण उघडलं.



"आर्डिथ," आतून आवाज आला, "पुरायची घाई करू देऊ नकोस गं. ऊन छान पडलंय."