सोडलेलं भाडं

तारीख उगवली बाई, पहिली दारात,
सांगा भाडेकरणीला, मालकीण घरात.

सुपात गहू पाखडता पाखडता भीमाबाई ही ओवी म्हणायच्या, आणि भिंतीपलीकडे छबूबाईला हसू फुटायचं. नवी नवरी होऊन ती श्रीरामपुरातल्या त्या पत्र्याच्या खोलीत आली, तेव्हाचा तो आवाज. तोंडानं भाडं मागणं भीमाबाईंना कमीपणाचं वाटे. ओवीतून मागायच्या, आणि घेतल्यावर चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

भीमाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. नेवासा रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या वकिलाच्या खोलीत छबूबाई अंग चोरून बसली होती. समोर भीमाबाईंचा मुलगा वैजनाथ, सकाळीच पुण्याहून आलेला. मधे छबूबाईची बाजू बघणारी, फी न घेणारी वकील धनश्री.

वैजनाथला घर विकायचं होतं. आई जायच्या आधीच्या दोन वर्षांचं थकलेलं भाडं भरा, नाहीतर खोली खाली करा, अशी त्याची नोटीस होती. छबूबाई मार्केटला कांदा निवडायला जायची. एवढी रक्कम तिच्यानं उभी राहणार नव्हती. खोली गेली तर जायला दुसरं दार नव्हतं. त्यात गल्लीतल्या बाया म्हणाल्या, फुकटची वकील म्हणजे आतून मालकाचीच असणार. धनश्रीच्या कानावर ते गेलं, तेव्हा ती हसली होती.

"मावशी, मी मालकाची नाही, सरकारची नाही. तुमच्या बाजूची आहे. फक्त माझ्यापासून काही लपवू नका."

छबूबाईनं लपवलं होतं. बाईंनीच भाडं घ्यायचं सोडलं, एवढंच ती बोलली होती. का सोडलं, ते नाही. विसरायचं दुखणं लागलं तेव्हा बाईंनी तिचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, वैजूला यातलं कळू देऊ नको, त्याला तिकडं घोर लागंल.

धनश्रीनं सरळ मुद्द्याला हात घातला. मालकिणीनं पुऱ्या शुद्धीत भाडं माफ केलं असेल, तर थकबाकी कसली? मग तिनं वैजनाथलाच विचारलं, आईचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं ना?

वैजनाथला तो प्रश्नच झोंबला. आई शेवटपर्यंत ठणठणीत होती, तो म्हणाला. फोनवर एकेका नातवंडाचं नाव घेऊन चौकशी करायची.

छबूबाई नखानं टेबलाचा रंग खरवडत राहिली. फोन बाईंच्या कानाला लावून ती नावं तीच मागनं सांगायची.

धनश्रीनं वैजनाथचं बोलणं लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं. खोली वाचली, हे छबूबाईला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. वैजनाथलाही कळलं. तो भांडला नाही. खाली उसाचा ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून चालला होता. वैजनाथनं नोटिशीच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, शिकायला होतो तेव्हाचा रुपया न् रुपया आईनं नोकरी लागल्यावर परत घेतला.

"पोटच्या पोराला तिनं काही सोडलं नाही. तुम्हाला सोडलं. तुमचं नशीब मोठं, छबूताई."

सही कुठं करू, असं त्यानं धनश्रीला विचारलं, आणि चष्मा काढून पुसत बसला.

शाळेतून आला की दप्तरासकट छबूबाईच्या चुलीपाशी येऊन बसणारा, भाकरीचा पापुद्रा आधी मागणारा वैजू. मार खाल्ला तरी रडू दाबायचा, ते असंच, खालचा ओठ आत ओढून.

छबूबाई उठली. धनश्रीनं पटकन तिच्या हातावर हात ठेवला, आता काही बोलू नका म्हणून. तिनं तो हळूच बाजूला केला.

"वैजू, मला न्हाई सोडलं बाईंनी भाडं. शेवटी त्यांना मानूस वळखू येत नव्हतं. मी पैसं हातावर ठिवलं का माझ्या तोंडावरनं हात फिरवायच्या अन् म्हनायच्या, येडा का खुळा तू, वैजू? आईला कुनी भाडं देतं व्हय?"