वेशीतली पहिली जोडी

घंटा भाईदास आबांच्या हातात गेली आणि समेट घडवायला आलेली मृणाली सावरून बसली.

नियम तिचाच होता. गोल बसायचं, बैलाच्या गळ्यातली घंटा ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप घालायचं. मनातलं उघड बोललं की हातातली काठी आपोआप खाली येते, असं ती जळगावपासून गावोगाव सांगत आली होती. पण दोंडाईच्याजवळच्या या गावात भांडण पोळ्याच्या मानाचं होतं. वेशीतून आधी कोणाची जोडी जाणार, आबांची की पंडितनानांची? यावरून गेल्या साली डोकी फुटली. आज समेट झाला नाही तर उद्याचा पोळा बंद, असं फौजदार बजावून गेले होते.

पारासमोर दोघांचे नवे ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे होते.

सकाळी घंटा मागायला ती दोन्ही घरी गेली, तर दोघांनीही "सापडत नाही" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. एवढा आकस! शेवटी गावातल्याच आधारभाऊंनी आपल्या बैलाच्या गळ्यातली काढून दिली. त्यांची जोडी दरसाल सगळ्यांच्या मागून निघायची, तरी माणूस कधी तक्रार करत नसे.

आज मात्र ते धड बसत नव्हते. घंटा दोनदा आली, दोनदा "माझं मागून" म्हणत त्यांनी पुढे सरकवली. आबा आणि नाना, दोघेही त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. हा माणूस भलतंच काही बोलला तर?

"गेल्या साली माझा पोरगा ललित मरता मरता वाचला," आबा म्हणाले. "कसला मान आन् कसलं काय!"

त्यांनी घंटा नानांकडे दिली. नानांनी ती चाचपली.

"दगड आमच्याकडूनच आला आबा. चुकलं."

त्यांनी घंटा परत दिली. मग आबाच म्हणाले, "उद्या दोन्ही जोड्या बरोबरीनं काढू. शिंगाला शिंग लावून."

"काढू," नाना म्हणाले.

देवा रे! मृणालीला रडूच फुटलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, ललितनं वाकून नानांचे पाय धरले. लोक उठायला लागले, पण नियम तो नियम.

"थांबा. आधारभाऊंचं राहिलंय."

"त्याचं काय आता? राहू द्या ताई," आबा आणि नाना एकदमच म्हणाले.

मृणालीनं घंटा आधारभाऊंच्या हातात ठेवली. त्यांनी आधी आबांकडे पाहिलं, मग नानांकडे.

"ताई, काल आबा आन् नाना दोन्ही एकमांगे एक चोरून मना घर उनात, पोळाले मनीच जोडी मांगी गयात. सारा गावमा आते बैल फक्त ते दोनच शेतस."